मी आल्याशिवाय उचलायचं नाही

मधू दळवी गेल्याची बातमी आली तेव्हा मी हसलो. नुसता हसलो नाही, पोट धरून हसलो. शेजारी बसलेल्या म्हात्रेला फोन दाखवला, तोही हसला. तीन आठवडे झाले, अजून ते हसणं घशात अडकून बसलंय. गेलेल्या मित्रावरच्या लेखाची सुरुवात असल्या कबुलीने करू नये, हे मलाही कळतं. पण मधूबद्दल लिहायचं आणि एवढं वगळायचं, तर मग लिहायलाच नको...

त्या दिवशी आम्ही कोलशेतच्या मैदानावर होतो. कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेची पहिली फेरी, म्हणजे आम्हा साठी ओलांडलेल्या पोरांचा सण. सकाळच्या पहिल्याच सामन्यात आमचं कॉलेज शहाडच्या एका कॉलेजकडून हरलं. नवीन कॉलेज, नाव कुणाला धड माहीत नाही. सामना संपल्यावर मधू रिक्षा करून डोंबिवलीला घरी गेला. मी आणि म्हात्रे पुढच्या मॅचेस बघायला थांबलो. दोनच्या सुमारास मधूच्या फोनवरून आमच्या ग्रुपवर मेसेज आला : 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की श्री. मधुकर दळवी यांचे आज दुपारी आकस्मिक निधन झाले. अंत्ययात्रा साडेचार वाजता राहत्या घरून निघेल.' मी म्हात्रेला म्हटलं, "बघ, आला! मी वाटच बघत होतो." आणि ग्रुपवर पहिलं उत्तर माझं गेलं. 'आलोच. मी आल्याशिवाय उचलायचं नाही. डावा खांदा माझा.'

कुणालाही वाटेल, ही माणसं आहेत की कोण! तर आमची एक पद्धत होती, आणि ती मधूनेच पाडलेली. ग्रुप सुरू झाला त्या वर्षी आमचं कॉलेज पहिल्याच फेरीत एका पॉलिटेक्निककडून आपटलं. संध्याकाळी मधूने ग्रुपवर स्वतःचा पासपोर्ट फोटो टाकला, त्याला मोबाईलवरच चंदनाचा हार घातलेला, खाली मजकूर : 'मधुकर दळवी यांचे पेनल्टीच्या अल्पशा आजाराने मैदानावरच निधन.' आम्ही लोळलो. तेव्हापासून रिवाजच झाला. आमचं कॉलेज पहिल्या फेरीत बाद झालं की आमच्यापैकी एकाने, बहुतेक वेळा मधूनेच, स्वतःच्या निधनाची बातमी द्यायची, बाकीच्यांनी खांदा द्यायला येतो म्हणायचं, आणि मयत माणसाने ती फेरी संपेपर्यंत सुतक पाळायचं, म्हणजे ग्रुपवर फुटबॉलबद्दल मत द्यायचं नाही. मधू चार-पाच वेळा तरी मेलाय असा. एकदा मला हार्ट अटॅक आलेला, पेनल्टी बरोबरीत सुटल्यावरच्या सडनडेथमध्ये. शुभदावहिनींना, म्हणजे मधूच्या बायकोला, हे अजिबात आवडायचं नाही. "असलं अभद्र बोलू नये हो, वास्तू तथास्तु म्हणते," असं त्या माझ्यासमोर त्याला बजावायच्या. त्यावर हा, "आपली बिल्डिंग तीस वर्षांत लिफ्टला तथास्तु म्हणाली नाही, मला कुठली म्हणतेय!" वहिनी कपाळावर हात मारून आत जायच्या.

मेसेज टाकला आणि थोड्या वेळात माझ्या फोनची बॅटरी संपली. मॅचचे व्हिडिओ काढत बसलेलो ना सकाळपासून. मी निवांत तिसरी मॅच बघितली. कल्याणला घरी आलो, जेवलो, ताणून दिली. आठ वाजून गेल्यावर फोन चार्जिंगला लावला तर तो वाजायचाच थांबेना. मधूच्या शेजारच्या बिल्डिंगमधले जोगळेकर सर. आमच्या ग्रुपवर नसलेला, कधीही चेष्टा न करणारा माणूस. "शिरीष, कुठे आहात तुम्ही? दुपारपासून फोन बंद येतोय तुमचा. आम्ही आत्ता स्मशानातून परत आलो." मी विचारलं, "कोणाच्या मयतीला?"  सर म्हणाले, "अहो, मधूच्या."

मी त्यांना म्हटलं, "सर, चेष्टा पुरे." खरंच म्हटलं. जोगळेकर सरांना!

मधूची आणि माझी दोस्ती कॉलेजात झाली. तो संघात लेफ्ट बॅक, मी राखीव. राखीव म्हणजे चार वर्षांत फक्त दोनदा मैदानावर गेलेलो, त्यातही एकदा जखमी खेळाडूला उचलायला. मधू खेळायचा बेताचा, पण त्याच्याइतकी मन लावून मॅच बघणारा माणूस मी पाहिला नाही. पुढे तो मानपाड्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागला, मी कल्याणला विम्याच्या ऑफिसात. पण पहिल्या फेरीला दोघांची रजा ठरलेली. फायनल बघायला त्याला रस नसायचा. "फायनलला काय, कोणीतरी जिंकणारच," म्हणायचा. "खरी गंमत पहिल्या फेरीत. मोठा संघ बूट घालून येतो, लहान संघ जीव घेऊन येतो." मोठं कॉलेज पडलं की मैदानाबाहेरच्या टपरीवर आमची कोर्टकचेरी चालायची, नशीब की अक्कल यावर. मी नशीबवाला. मैदान खराब होतं, रेफ्री आंधळा होता, वारा उलटा होता. तो चिडून कटिंग अर्धा ठेवायचा. "शिऱ्या, हरलास की हरलो म्हणावं. वाऱ्याच्या नावाने कसली पावती फाडतोस?" म्हात्रे कोलशेत गावातलाच, मैदानाशेजारी त्यांची शेतं होती एके काळी. तो मध्ये पडायचा : "नाय रं, भांडताव कशाला, दोगंबी टकले झाले." मग तिघं हसायचो. पण मधू तेवढ्यावर सोडायचा नाही. रिक्षात बसेपर्यंत तो मला तो गोल कसा झाला ते बोटांनी हवेत काढून दाखवायचा. घरी जाऊन वहिनींनाही दाखवायचा म्हणे, त्या पोळ्या लाटत असताना. त्या नुसतं हं हं करायच्या.

असा माणूस. साठीत गुडघे कुरकुरायचे तेवढेच, बाकी बीपी नाही, शुगर नाही. त्या सकाळी त्याने दोन वडापाव खाल्लेत माझ्यासमोर, तिसऱ्यावर डोळा होता. आणि दुपारी नाही? मला अजूनही हे पटत नाही. कुणी काहीही सांगो, नाही पटत.

मी दहाव्याला गेलो नाही. तेराव्याला गेलो नाही. म्हात्रे दोनदा जाऊन आला, मला म्हणाला, चल रे, तुझ्या एकट्याच्या हातून थोडंच झालंय, मीपण हसण्याचे चेहरे टाकलेले त्या मेसेजखाली. पण हसण्याचा चेहरा वेगळा आणि 'मी आल्याशिवाय उचलायचं नाही' वेगळं. मेसेज पुसायला गेलो तर मुदत उलटून गेलेली, तो फक्त माझ्याच फोनमधून पुसला जाणार होता. त्यांच्याकडे तो राहणारच. वहिनींनी वाचला असेल का, ऋजुताने, म्हणजे मधूच्या मुलीने, वाचला असेल का, याच्यापलीकडे डोकं जात नव्हतं. शेवटी माझी बायकोच कडाडली, "लाज वाटते ना? मग ती घरात बसून वाटून काय उपयोग? जाऊन उभे राहा समोर." चौदाव्या दिवशी गेलो.

वहिनींनीच दार उघडलं. "या भावजी," एवढंच. मी चपला काढल्या आणि आत जायच्या आधी उंबऱ्यातच बोलायला लागलो. वहिनी, तो मेसेज, आमची ती घाणेरडी सवय, मला खरंच वाटलं की मधूच... त्यांनी हाताने थांबवलं. "बसा आधी." मग त्या सांगायला लागल्या, भिंतीकडे बघत. ऋजुता कल्याणहून धावत आली होती, तिनेच बाबांच्या फोनवरून सगळ्या ग्रुपवर एकच मजकूर पाठवला, कोणता ग्रुप कसला ते बघायची तिला शुद्ध होती कुठे! फोन खाली ठेवणार तेवढ्यात वर माझं उत्तर दिसलं. बाकीचं तिने उघडलंच नाही. "आली आणि मला म्हणाली, आई, शिरीषकाका येतायत. ते आल्याशिवाय उचलू नका म्हणालेत."

वहिनी तशाच भिंतीकडे बघत सांगत राहिल्या.

"साडेचारला सगळी तयारी झालेली. भटजी घाई करायला लागले. ह्यांचा चुलतभाऊ म्हणाला, आता निघू या. मी म्हटलं, नाही. शिरीषभावजी येतायत, कोलशेतवरून यायचंय, घोडबंदरला ट्रॅफिक असेल. पाच वाजले, साडेपाच वाजले. तुमचा फोन बंद. मीच सगळ्यांना सांगत होते की 'आलोच' लिहून ते येणार नाहीत असं होणार नाही. डाव्या बाजूला कुणाला उभं राहू दिलं नाही मी." त्या थांबल्या. "सव्वा तास ठेवलं हो ह्यांना, तुमच्यासाठी."

  एवढ्या वर्षांच्या मित्राला मी सव्वा तास जमिनीवर थांबवून ठेवलं आणि स्वतः कल्याणला पंखा लावून घोरत पडलो होतो. मी रडलो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मला रडू दिलं, पाणी आणून दिलं.

मग म्हणाल्या, "रागावले मी तुमच्यावर. खूप रागावले. नंतर ऋजुताने मागचे सगळे मेसेज वाचून दाखवले, तेव्हा कळलं काय झालं ते. तरी रागावलेलीच आहे. पण मला तुम्हाला दुसरंच विचारायचंय." आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "सगळे म्हणतात, कॉलेज हरलं त्याचा धक्का बसला ह्यांना. ह्यांची बहीण तर तोंडावर म्हणाली, त्या फुटबॉलने खाल्लं माझ्या भावाला. मला खरं सांगा भावजी. हे दारातून आले ते एकदम म्हणाले, 'शुभा, आज काय झालं ते ऐकलंस तर उडशील. आधी पाणी दे, मग पहिल्यापासून सांगतो.' मी पाणी घेऊन आले तर हे खुर्चीत... मान अशी. काय झालं होतं त्या दिवशी? मी कधी नीट ऐकलं नाही हो. एकदाही नाही."

म्हणून मी सांगितलं. शहाडची मुलं कशी आली ते, तेरा जण, जर्सीवरचे नंबर घरी शिवलेले. आमच्या पोरांनी त्यांच्याकडे बघून कसं हसून घेतलं ते. पहिल्या अर्ध्यात आमचा एक शॉट खांबाला लागला, तेव्हा मधूने माझा हात इतका जोरात आवळला की घड्याळाचा वळ उठला. दुसऱ्या अर्ध्यात आम्हाला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा गोलकीपर चुकीच्या बाजूला पडला, पण पडता पडता पायाने त्याने बॉल उडवला. वहिनींनी विचारलं, "पायाने चालतं?" म्हटलं, चालतं. मग शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी लांब थ्रो टाकला, एका बुटक्या मुलाने डोकं लावलं, आणि बॉल आत. संपलं. आमच्या बाजूला सुतकी शांतता. मधू डोक्याला हात लावून बसला...

"बसले ना? म्हणजे वाईट वाटलंच त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"अर्धा मिनिट, वहिनी. मग उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. आख्ख्या स्टँडमध्ये एकटा. आमच्याच कॉलेजची मुलं ओरडली, ओ काका, कुणाच्या साईडने आहात? तर म्हणतो, आज ह्यांच्या! मैदानात उतरला, त्या गोलकीपरचा हात हातात घेऊन हलवत बसला. मी वाऱ्याचं काहीतरी बोलायला लागलो तर माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, गप रे, साठ वर्षांत अशी मॅच बघितली नाही. रिक्षात बसतानासुद्धा गाणं म्हणत होता. बेसूर. धक्का वगैरे काही नाही वहिनी. तो खुशीत घरी आला होता. मी शपथेवर सांगतो."

 वहिनींनी पदराने डोळे पुसले, आणि मग कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या शहाडच्या मुलांची पुढची मॅच कधी?" परीक्षांमुळे दुसरी फेरी लांबली होती. मी म्हटलं, मंगळवारी, पण मी आता नाही जाणार बहुतेक. मन लागणार नाही. "जा," वहिनी म्हणाल्या. "आणि काय झालं ते मेसेजवर लिहू नका. येऊन सांगा. मी वाट बघते."

मंगळवारी मैदानावरून थेट निघालो. टपरीवर थांबलो नाही, म्हात्रे हाका मारत राहिला. मानपाडा रोडला रिक्षा सोडली, तीन मजले चढलो, बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं, माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं, आणि स्वतः गॅलरीजवळच्या मधूच्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवलेला होता.

"हं," म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."