इंजिनात अक्षता

मंडळी, हसू नका. माझं डोकं फिरलंय.

गेलं वर्षभर शनिवार-रविवार खपून मी इथे सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एका जुन्या गाडीचं इंजिन जास्त ताकदीचं करतोय. पुस्तकं वाचत, चुकत शिकलो. आज वरचं झाकण, म्हणजे हेड बसवायचं होतं, म्हणून त्याच्याखाली घालायचं गॅस्केट आणायला बाहेर पडलो. पिस्टन, तेलाच्या बारीक वाटा, सगळं उघडंच होतं.

परत येतो तर इंजिनाला झेंडूचा हार, पिस्टनवर हळदकुंकू आणि वर मूठभर अक्षता! पुण्याहून आलेली आई हात जोडून उभी.

"आई, अगं हे काय?"

"दसरा आहे ना आज! घरात एवढं यंत्र, आणि पूजेशिवाय ठेवायचं?"

मग चिमटा आणि व्हॅक्युम क्लीनर घेऊन तांदूळ काढत बसलो. तेलाच्या वाटेत एक दाणा जरी राहिला तरी इंजिन जाम झालंच म्हणून समजा. शेवटी वैतागून विचारलं, "किती वाहिल्यास गं?"

"अक्षता कुणी मोजून वाहतं का रे?"

म्हणजे आता अख्खं इंजिन पुन्हा खोलायचं. तुम्हीच सांगा, ओरडायचं तरी कुणावर?

आई आतून विचारतेय, नारळ कशावर फोडू?