विश्रांतीतली नाडी

परवा दवाखान्यात नर्सबाईंनी मनगटावर दोन बोटं टेकवली आणि देऊळगाव राजातल्या आमच्या ओसरीवरची एक दुपार आठवली. भाची तेव्हा जिम ट्रेनरचा कोर्स करत होती आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला तिची परीक्षा होती. एका माणसाची विश्रांतीतली नाडी मोजून, त्यावरून त्याच्या व्यायामाचा आराखडा करून न्यायचा होता. नाहीतर परीक्षेला बसता येणार नव्हतं. घरात रिकामा आणि पोट सुटलेला असा मीच होतो. "मामा, बोलू नका, हालू नका," म्हणत तिनं मला सतरंजीवर आडवं केलं आणि मनगट धरलं. पण आमच्याकडे भरदुपारी माणूस आडवा आणि त्याचा हात कुणी धरलेला, म्हणजे तो गेल्यातच जमा. शेजारच्या काकू, "काऊन वं, काय झालं यायले? सकाळी तं चांगले होते," म्हणत आत आल्या, मागोमाग त्यांच्या जावा. एक माझे तळपाय चोळू लागली, दुसरी माझ्यादेखत बायकोला म्हणाली, "धीर धर, बाई." "मले काहीच झालं नाही," मी ओरडलो. भाचीनं कपाळावर हात मारला, "गेली नाडी वर. आता परत मोजा लागते." मी जरा निवलो, की नवं कुणी विचारपूस करायला यायचं. शेवटी रडकुंडीला येऊन तिनं आजूबाजूला पाहिलं. काकू भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून निवांत बसल्या होत्या. "काकू, तुमचाच हात द्या," ती म्हणाली, आणि काकूंच्या नाडीवर पास झाली. आता ती स्वतः वर्ग घेते, आणि विश्रांतीतली नाडी कुठं मोजू नये हे शिकवताना माझ्या घराचा पत्ता सांगते.