चार कोपऱ्यांचा गूळ

पलूसच्या आमच्या कारखान्यात भट्टीच्या दारांना लावायचे फलक बनतात. आतली आग बाहेरच्या माणसाला लागू नये, एवढंच त्यांचं काम. ते तपासणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मी तिथली इंजिनिअर.

मामा फलकाच्या पुढून बर्नर पेटवतात. मागच्या बाजूला मधोमध माझ्या मीटरची तार असते आणि चार कोपऱ्यांना मामांचे चार गुळाचे खडे. खडा पाझरला की फलक नापास. मला आधी हसू यायचं.

"हसा, म्याडम," ते म्हणायचे. "गुळव्याच्या पोटचा हाय मी. गूळ कवा पाघळतो ते मला नगा शिकवू."

एकदा गिऱ्हाईक साहेब स्वतः चाचणी बघायला आले. मीटर पास म्हणाला, साहेबांनी सहीला पेन काढलं. मामा फलकामागून म्हणाले, "खालचा डावा पाझरला. ह्यो न्हाई जायचा."

मालक तापले. "मामा, मीटर पास म्हणतोय की!"

"मीटर मधलं सांगतोय, मालक. दाराम्होरचा गडी काय कायम मधीच उभा ऱ्हातो व्हय?"

फलक कापला. त्याच कोपऱ्यात आत सुपारी बसेल एवढी पोकळी निघाली. मामांनी उरलेले तीन खडे साहेबांपुढे धरले. "घ्या, गूळ-पाणी."

दुसऱ्याच दिवशी मी चारही कोपऱ्यांना तारा लावल्या. मामांनी त्या नीट निरखल्या, मान डोलावली आणि मधोमध पाचवा खडा ठेवला.