डोहवालीची भुवई

माझे भाऊजी पोटासाठी राक्षस करतात. ताईने त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" ताई म्हणाली, "राक्षस." बाबांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग एक दिवस भाऊजी घरी आले ते बगलेत कापडात गुंडाळलेलं तीन डोळ्यांचं मुंडकं घेऊन, कारण ते ओलं होतं आणि कारखान्यात एकटं ठेवायला त्यांचा जीव धजत नव्हता. बाबांनी चहा दिला, पण मुंडकं बाहेर ठेवायला लावलं.

तेव्हा ते सिनेमांसाठी मुखवटे करायचे. आधी तारेचा सांगाडा, त्यावर माती, मातीवरून साचा, साच्यातून रबराचा मुखवटा, आणि तो नटाच्या तोंडावर. पुढे सिनेमावाल्यांनी सगळं कॉम्प्युटरवर करायला घेतलं, कारखान्याला कुलूप लागलं, आणि भाऊजी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागले. मी एकदा गेले होते तिथे. लांबलचक खोली, कानाला हेडफोन लावून बसलेली तरणीताठी पोरं, कुणी मान वर करेल तर शपथ! आणि कोपऱ्यात खिडकीपाशी, हातभर मातीत बरबटलेले आमचे भाऊजी. ते डोकं घडवायचे, पोरं ते मशीनने टिपून गेममध्ये घालायची. सगळे त्यांना काका म्हणायचे. जीव होता पोरांचा त्यांच्यावर, हे कबूल करायला हवं.

त्यांची एक खोड होती. दिवसभर दिव्याखाली, चाकू-सळया घेऊन काम करायचं, आणि चेहरा होत आला की हत्यारं बाजूला ठेवून डोळे मिटायचे. मग नुसते दोन्ही अंगठे कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायचे. इथे दाब, तिथे उचल. "डोळे उघडे असले की मी नीटनेटकं करत बसतो," म्हणायचे. "नीटनेटका राक्षस कुणाला हवाय?" त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे.

ताई गेली ती फारशी संधी न देताच गेली. दुखणं कळलं आणि संपलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींनी घरातला तिचा एकूण एक फोटो उतरवला, खोक्यात भरला आणि माझ्याकडे आणून टाकला. "तू ठेव." बस, एवढंच. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हटलं, माणसाला इतकी घाई? भिंतीवर खिळे तसेच, आणि फोटो नाहीत. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग रविवारी डबा घेऊन जायला लागले, कारण राग असला तरी माणूस उपाशी राहिलेला मला बघवत नाही. माझा स्वभाव हा असा. तोंडाने आग, हातात डबा.

आता मुख्य गोष्ट. कंपनीचा नवा गेम आला. त्यात एका डोहाची राखण करणारी बाई होती. अंगावर खवले, डोक्यावर शिंपल्यांचा मुकुट. तिला विचारल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. पोरं तिला डोहवाली म्हणायची. गेम जोरात चालला, आणि एका सिनेमा कंपनीने नोटीस धाडली. म्हणे, आमच्या सिनेमातल्या जलराणीची ही सरळसरळ चोरी. खवले तेच, मुकुट तसाच, आणि चेहरा तर डिट्टो. गंमत बघा, त्या जलराणीचा मुखवटाही भाऊजींनीच केलेला, जुन्या कारखान्यात. पण केलेलं काम कंपनीच्या मालकीचं, असं तेव्हा लिहून घेतलेलं. म्हणजे माणसाने स्वतःच्याच हातातून चोरी केली, असा आरोप!

हे मला माझ्या मुलीने सांगितलं. तिने फोन पुढे केला. कुणीतरी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी लावून खाली हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांसकट शिव्या लिहिल्या होत्या. असले सिनेमे मी बघत नाही आणि गेमचं तर नावच नको, त्यामुळे दोघींनाही मी पहिल्यांदाच बघत होते. बघितलं आणि फोन तिच्या हातातून ओढूनच घेतला.

"अगं, ही तर तुझी मावशी!"

मुलगी म्हणाली, "आई, काहीतरीच काय! मावशी केवढी हसरी होती."

हसरी होती, पण फोटोत. फोटो काढायचा म्हटला की ताई दात दाखवायची. हा चेहरा वेगळा होता. ताई रागवायच्या आधी एक क्षण गप्प व्हायची, तेव्हाचा. मुळातच जरा वर असलेली उजवी भुवई आणखी वर जायची, ओठाचा डावा कोपरा आत ओढला जायचा, आणि समोरच्याने पळ काढायचा. बाबांचा चेहरा असाच व्हायचा, माझाही होतो. खवल्यांच्या आत, मुकुटाखाली माझी ताई बसली होती आणि आता कुणाला तरी झापणार होती. मी फोन मुलीला परत दिला आणि ओट्यापाशी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी डबा न घेताच भाऊजींकडे गेले. ते टेबलापाशी बसले होते. कंपनीच्या मालकीणबाईंनी मार्ग काढला होता: भाऊजींनी लिहून द्यायचं की जुन्या मुखवट्याची नक्कल मी माझ्या मनाने केली, कंपनीला कल्पना नव्हती. भाऊजी कंपनीतून गेले की सिनेमावाले शांत होतील, असा हिशेब. म्हणजे हातातलं काम जाणार, आणि वर कपाळावर चोर असा शिक्का. त्यानंतर त्यांना कोण मातीला हात लावू देणार होतं?

"सही करणार तुम्ही?"

"करतो. दोन चेहरे एक आहेत, मलाही दिसतंय. मी मुद्दाम केलं नाही, पण झालं आहे. हात चोरटा निघाला, काय करू?"

मी सांगून टाकलं. भाऊजी, ती ताई आहे. दोन्हीकडे ताईच आहे.

मला वाटलं होतं रडतील, गप्प होतील. ते उठून उभे राहिले. आवाज न चढवणारा माणूस, पण असा ओरडला की शेजारचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं.

"माझ्या बायकोची मी राक्षसीण केली म्हणतेस?"

"राक्षसीण कुठे, राखणदारीण आहे ती. आणि ओरडू नका माझ्यावर!"

"मला तिचा चेहरा आठवत नाही, धाकटे!" ते म्हणाले, आणि एकदम खाली बसले. "ती गेली आणि महिन्याभरात गेला. डोळे मिटतो, येत नाही. फोटो बघितला की फोटोतली हसणारी बाई येते, ती नाही येत. म्हणून दिले तुला फोटो. आठवतच नाही तो चेहरा मी करणार कुठून? सांग ना, कुठून करणार?"

इतकी वर्षं मी त्या माणसाला काय काय बोलले होते मनातल्या मनात! "सही करू नका," एवढंच म्हटलं. त्यांनी मान फिरवली.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मालकीणबाईंना फोन लावला. त्या बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांची वकील, एक चुणचुणीत मुलगी, म्हणाली, "चेहरा जर खऱ्या माणसाचा असेल, तर तो सिनेमा कंपनीच्या डोक्यातून आलेला नाही, हे तरी आपण म्हणू शकतो. पण दाखवाल काय?" म्हटलं, "माझाच चेहरा दाखवीन. आम्ही बहिणी कपाळापासून हनुवटीपर्यंत एक आहोत." ती म्हणाली, सिनेमा कंपनीबरोबर बैठक आहे, तिथे या.

आता माझा मूर्खपणा ऐका. एवढ्या मोठ्या लोकांसमोर जायचं, जरा माणसात दिसावं, म्हणून मी आदल्या दिवशी पार्लरमध्ये गेले. केस कापले. आणि त्या पार्लरवाल्या बाईने दोरा हातात घेऊन विचारलं, "भुवया सारख्या करून देऊ? एक वर आहे." मी आपली डोळे मिटून म्हणाले, "द्या."

बैठक एका ऑफिसात होती. काचेचं टेबल, पाण्याच्या बाटल्या, थंडगार हवा. मधे मध्यस्थ, निवृत्त न्यायाधीश, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला सिनेमा कंपनीचा उंच वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. टेबलावर रबराचा जुना मुखवटा आणि मातीची डोहवाली शेजारी शेजारी ठेवलेले. भाऊजी टोकाला बसले होते. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

आमच्या वकीलबाईंनी सगळं छान मांडलं. मग ताईचे फोटो पुढे ठेवले. उंच वकिलाने एकेक उचलून बघितला. "या हसऱ्या बाई आणि हा चेहरा? मला तर काही साम्य दिसत नाही." मग माझ्याकडे वळला. "आणि या त्यांच्या भगिनी." चष्म्यावरून, चष्म्याखालून मध्यस्थांनी मला न्याहाळलं. "भुवया तर यांच्या अगदी सरळ आहेत," ते म्हणाले, तेही अगदी सभ्यपणे.

तेव्हा कुठे मला कळलं की मी स्वतःच्या पैशांनी, रांगेत बसून, पुरावा उपटून आले होते. मी सांगायला गेले की कालपर्यंत एक वर होती हो, देवाशपथ होती, आणि उंच वकील हसला. मोठ्याने नाही, नुसतं नाकातून. मालकीणबाईंनी खाली बघितलं. त्यांच्यासमोर भाऊजींनी सही करायचा तो कागद पडलाच होता, पेनसकट.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊजी उठले होते. मला वाटलं, सहीला चालले. ते टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांनी डोळे मिटले.

"हलू नकोस," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांचा हात माझ्या डोक्याला कधी लागला नव्हता. दोन्ही अंगठे कपाळावर टेकले, खरखरीत, मातीचा वास असलेले. उजवा अंगठा भुवईवर आला, थांबला. "इथे चूक आहे," ते पुटपुटले, आणि कातडी वर सरकवून तिथेच धरून ठेवली. डावा अंगठा खाली उतरला, ओठाच्या कोपऱ्यापाशी थांबला, आत दाबला. "हे असं. आधी भुवई, मग हे. मग विचारायची, कुठे होतात इतका वेळ." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "मग मी सांगायचो. मग ती म्हणायची, हात धुवा आधी."

मी हलले नाही, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांच्या अंगठ्यावरून वाहत होतं, आणि तरी त्यांनी हात काढला नाही.

मध्यस्थ उठले. त्यांनी रबराचा मुखवटा उचलून माझ्या एका गालाशी धरला, मग मातीची डोहवाली दुसऱ्या बाजूला सरकवली. चष्मा वर केला. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "जरा इकडे येऊन बघा."

उंच वकील आला. बघितलं. या वेळी हसला नाही. बराच वेळ बघून त्याने हळूच विचारलं, "या बाईंना भेटता येईल का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "माझी बायको वारली."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आजवर ते 'घरी नसते' म्हणायचे, 'आता एकटाच असतो' म्हणायचे, काहीही म्हणायचे, पण हे कधी म्हणाले नव्हते.

पुढे वकिली बरीच झाली, ती मला सगळी कळली नाही. मुकुट आणि खवले सिनेमावाल्यांचे, ते गेममधून बदलायचे. चेहऱ्यावरचा दावा त्यांनी मागे घेतला. मालकीणबाईंनी तो कागद स्वतःच्या हाताने फाडला आणि भाऊजींना म्हणाल्या, "काका, सोमवारी या. नवा मुकुट करायचाय." आणि मग माझ्याजवळ येऊन, कुजबुजत, "सॉरी हं." म्हटलं, सॉरी त्यांना म्हणा. त्या गेल्या आणि म्हणाल्याही.

बाहेर आलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. भाऊजी पायरीवरच बसले, म्हणून मीही बसले. माझं तोंड सुजलेलं, भुवया सरळ, केस नवे. एकूण अवतार बघण्यासारखा होता.

"फोटो परत आणून देऊ का?" मी विचारलं.

"नको. राहू देत तुझ्याकडे." ते आपल्या अंगठ्यांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाने खाऊ मागावा तसे म्हणाले, "धाकटे, एकदा रागव ना माझ्यावर. नीट. डोळे उघडे ठेवून बघतो."

आयुष्यभर या माणसावर मी उठता बसता रागावले. फोटोंवरून, उष्ट्या डब्यांवरून, फोन न उचलण्यावरून. आणि त्या पायरीवर, त्यांनी स्वतःहून मागितला तेव्हा, माझ्याकडे राग म्हणून नव्हता. मी खूप प्रयत्न केला हो. तोंड वाकडं केलं, कपाळ ताणलं, "हात धुतलेत का?" असंही विचारून बघितलं. पण जमलंच नाही, आणि ते बघत राहिले, बघत राहिले.