निघालो म्हणायची खोड

मला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, हे मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. माजलगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, हा धंदा. या धंद्यात खिशात तंबाखूची पुडी नसलेला माणूस शोधून सापडत नाही, म्हणून मला त्याचा फार गर्व. शेजारचा दुकानदार पिचकारी टाकायला उठला की मी त्याला आरोग्यावर चार शब्द सुनावायचो. ते सुनावताना फोन वाजला की उचलून म्हणायचो, "निघालो, निघालो. रस्त्यातच आहे." हे मी खुर्चीत बसून, चहाचा कप हातात धरून म्हणायचो, आणि त्यात आपण काही खोटं बोलतोय हे मला कधी जाणवलंच नाही.

जाणवणार कसं? सगळेच तसं बोलतात. फाट्यावर आलोय म्हणणारा अजून पँट शोधत असतो. पाच मिनिटांत पोचतो म्हणणाऱ्याची आंघोळ व्हायची असते. ऐकणाराही ते मनातल्या मनात कापून घेतो आणि स्वतः निवांत पडून राहतो. गिऱ्हाइकाला मी म्हणायचो, "मोटार झालीय, वार्निश तेवढं वाळतंय," तेव्हा मोटारीचं झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं, आणि गिऱ्हाइकही ते जाणून दोन दिवस उशिरा यायचं. असा सगळा सुखाचा संसार चालला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण खोड आहे हे कळायलाच माझी पन्नाशी उलटावी लागली.

माझा शब्द कापून न घेणारा एकच माणूस होता, आणि ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आई गेल्यापासून ते तलवाड्याला एकटेच राहतात. माझ्या घरी येऊन राहा म्हटलं की दोन कोंबड्यांचं कारण सांगतात.

आबा कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं त्या पाळ्या सांभाळायच्या आणि कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या चारीची गेटं उघडायची-लावायची, हे त्यांचं काम. गावातले म्हातारे अजून सांगतात की आबा पावणेचारला पाणी बांधावर येईल म्हणाले, की माणूस साडेतीनला फावडं घेऊन उभा राहायचा, आणि त्याला फार वेळ उभं राहावं लागायचं नाही. कोरड्या चारीतून पाणी किती चालतं, गवत माजलेल्या चारीतून किती चालतं, हे त्यांना पायांनी ठाऊक होतं. असल्या माणसाच्या पोटी मी जन्माला आलो, आणि माझी वेळ कुणाला ठाऊक नाही, मला तर मुळीच नाही.

आबांचा उजवा डोळा फार पूर्वी बाभळीच्या काट्यानं गेला. उरलेल्या डाव्याला साखरेच्या आजारानं धरलं. मागच्या वर्षी बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याला सूज आहे, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. हे डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर बाहेरून यायचे, महिन्यातून एकदा, ठरल्या मंगळवारी, आणि दुपारी एकला जायचे. मी आबांना म्हणालो, तुम्ही काळजी करू नका, दर वेळी मी गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला नेतो.

पहिल्या वेळी नेलं. दुसऱ्या महिन्यातल्या मंगळवारी सकाळी साडेसातला आबांचा फोन आला, "निघालास का?" मी दुकानाच्या पायरीवर दात घासत होतो. "निघालो, आबा." मग एकानं मोटार आणली, मग दुसऱ्यानं आणली, आणि मी तलवाड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथून बीड गाठून एकच्या आत नंबर लागणं अवघड दिसत होतं. आबा फाट्यावर लिंबाखाली बसलेले होते. "राहू दे, फुडल्या महिन्यात जाऊ," म्हणाले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या महिन्यातही हेच झालं. मला वाटायचं, मोटारीला ग्रीस भरायला महिनाभर उशीर झाला तर काय बिघडतं.

चौथ्या महिन्यात बायकोला माहेरच्या कार्यासाठी बीडला जायचं होतं. ती पहाटेपासून माझ्या डोक्यावर उभी राहिली, म्हणून आम्ही वेळेवर पोचलो. तिला माहेरी सोडून मी आबांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी सांगितलं, मधली नजर बरीच गेली आहे, ती परत येणार नाही. जी उरली आहे ती टिकवता येईल, पण इंजेक्शन चुकता कामा नये, आणि हा एकच डोळा आहे. "दोन महिने का आला नाहीत?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडत होतो. तेवढ्यात आबा म्हणाले, "सायेब, सध्या उसाच्या गाड्या लई हायत रस्त्याला. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. वाट कुठं मिळती? पोरगं तर येळेवर निघालं व्हतं."

मी आबांकडे पाहिलं. टोमणा असता तर मला सोसला असता, बापाचा टोमणा पोराला पचतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. ते डॉक्टरांना माहिती देत होते. डॉक्टरांपुढे ते माझी बाजू मांडत होते, आणि ती त्यांना खरी वाटत होती.

बायको कार्य उरकून संध्याकाळच्या एसटीनं येणार होती. आबांना घेऊन परत येताना गेवराईच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि सांगून टाकलं. म्हणालो, "आबा, मी निघालो म्हणायचो ना, तवा मी निघालेलो नसायचो."

ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, "न्हवतास निघाला? मंग तसं कावून म्हणायचास?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं काहीसं पुटपुटलो.

"म्या तर तू निघालो म्हणला की कोंबड्या झाकून, कुलूप लावून फाट्यावर यायचो," आबा म्हणाले. "आठला दुधाची गाडी जाती बीडला. डायवर म्हणायचा, आबा, बसा, दवाखान्याच्या दारात सोडतो. म्या म्हणायचो, नगं, पोरगं निघालंय. म्या गेलो तर त्याला हेलपाटा पडंल."

"मग मला परत फोन का नाही केला?"

"तू गाडी चालवत असशील म्हणून. चालवताना फोन उचलू ने माणसानं."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते, ते मात्र खरे होते. एवढा विश्वास माझ्यावर कुणी ठेवला असेल हे मला माहीत नव्हतं. बायको ठेवत नाही, गिऱ्हाईक ठेवत नाही, मी स्वतः ठेवत नाही. आणि इथे एक माणूस माझ्या एका शब्दावर दाराला कुलूप लावून, हाताशी आलेली गाडी सोडून, तीन-तीन तास रस्त्याकडे डोळा लावून बसत होता. त्याला तोच एक डोळा होता. मला लाज वाटली, पण लाजेहून मोठं काहीतरी वाटलं. एखाद्या फार उंच जागेपाशी नकळत येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

आबांनीच शेवटी विषय बदलला. "तुझं तोंड मधून पुसल्यावानी दिसतंय," ते म्हणाले. "कान तेवढे दिसत्यात. मोठे हायत तुझे कान."

दुसऱ्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे पायाखाली पडलेलेच असतात. वेळेबद्दल खोटं बोललो की एक तुकडा उचलून शर्टाच्या खिशात टाकायचा. दुपारी जेवायला घरी गेलो तर खिसा खाली ओढत होता. बायकोनं तुकडे ताटलीत ओतले. तेवीस निघाले. "अर्धाच दिवस झालाय," ती म्हणाली आणि वाढायला लागली. तिला हसू आवरत नव्हतं.

मग मी खरं बोलायला लागलो, आणि धंद्याचे हाल झाले. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मोटार झाली का. मी म्हणालो, "नाही. अजून उघडलीसुद्धा नाही. परवा संध्याकाळी मिळेल." मग तो म्हणाला, "कावून बे, आमचं काय चुकलं का?" खरं सांगितल्यावर माणसाला वाटतं की आपल्यावर राग आहे. एकजण तर मोटार उचलून दुसऱ्या दुकानात घेऊन गेला, कारण तिथे "वार्निश वाळतंय" असं गोड ऐकायला मिळत होतं. चार दिवसांनी तो मला बाजारात भेटला. मोटार मिळाली का, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

एका गोष्टीनं मात्र मला चक्रावून टाकलं. खरं बोलायचं तर आधी खरं माहीत पाहिजे, आणि मला कशालाच किती वेळ लागतो ते माहीत नव्हतं. तीस वर्षं मोटारी भरतोय, पण पाच एचपीच्या मोटारीला नक्की किती तास लागतात हे मी कधी घड्याळात पाहिलंच नव्हतं. उठलो म्हटल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत किल्ली, चप्पल, शटर, शेजाऱ्याशी दोन शब्द यांत बावीस मिनिटं जातात, हेही पहिल्यांदाच कळलं. मी लोकांना फसवत होतो म्हणण्यापेक्षा मी अंदाधुंद जगत होतो म्हटलं तर खरं. आबांनी पाणी पायांनी मोजलं, आणि मला माझा स्वतःचा दिवस मोजता येत नव्हता. या शोधाचं मला इतकं नवल वाटलं की मी आठवडाभर सगळ्या गोष्टींना घड्याळ लावत सुटलो. बायको म्हणाली, आता शिंकलात तरी वेळ लिहून ठेवा.

सुधारलो असं छातीठोक सांगत नाही. लग्नाच्या पंगतीत, मित्राच्या फोनवर जीभ अजून घसरते, आणि खिशात दोन-चार तुकडे रोज सापडतात.

पुढचा मंगळवार आला. मी पहाटेच तयार होतो. नेमका त्या दिवशी एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या केळीला चार दिवस पाणी नव्हतं, मोटार भरून झाली होती, जोडून चालू करून दाखवायची तेवढी बाकी होती. त्याला तसाच सोडून निघणं मला जमेना. हातात पाना होता तेवढ्यात फोन वाजला.

"निघालास का?"

जिभेवर शब्द तयार होता. माझी जीभ टाळूला लागलेली मला अजून आठवते. हा एवढा एकच डोळा, आणि बापाला दवाखान्यात पोचायला मी उशीर करतोय हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

"नाही, आबा," मी म्हणालो. "दुकानातच आहे. इथून निघायलाच साडेनऊ वाजतील."



"बरं," ते म्हणाले. "मंग म्या दोन घास खाऊन घेतो, अन् दुधाच्या गाडीनं फुडं जातो. तू सरळ बीडलाच ये. किती वाजता पोचशील?"

मी घड्याळाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा हिशोब करून उत्तर दिलं. "बाराला."

फोन ठेवला आणि मी तसाच उभा राहिलो. दोन घास खाऊन घेतो. म्हणजे त्या दोन्ही मंगळवारी ते उपाशी बसले होते. आणि एवढंसं खरं बोललो, तर वाट किती सरळ निघाली. कुणाला काही त्याग करावा लागला नाही, कुणी रडलं नाही. त्यांना फक्त मी कुठे आहे ते कळायला हवं होतं.

साडेनऊला निघालो. गाड्यांच्या रांगा लागल्या, तरी दवाखान्याचा जिना चढलो तेव्हा बाराला एक-दोन मिनिटं कमी होती. वरच्या मजल्यावर बाकावर आबा बसलेले दिसले. इंजेक्शन झालं होतं आणि डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली होती. उजवा तर गेलेलाच. म्हणजे त्या वेळी त्यांना काहीच दिसत नव्हतं.

शेजारी उभी असलेली नर्स त्यांना विचारत होती, "बाबा, तुमच्याबरोबर कोणी नाही का? असे कसे जाणार?"

"पोरगा येतोय माजलगावहून. बाराला येतो म्हणलाय."

"बाबा, रस्त्यानं उशीर होतो. दोन तरी वाजतील बघा."

"बाराला म्हणलाय," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी जिन्याच्या तोंडाशी होतो. पुढे होऊन बोलायला हवं होतं, पण मी तिथंच ऐकत उभा राहिलो. दोनदा मी या माणसाची नजर माझ्या आळसापायी घालवली होती, आणि मी स्वतः त्याला तसं सांगितलं होतं. तरी त्याचा माझ्या शब्दावरचा विश्वास तसाच होता, कमी झालेला नव्हता. असा विश्वास ठेवायला माणूस केवढा मोठा लागतो, हे मी डोळ्यांनी पाहत होतो.

आबांनी टोपी सारखी केली. "बाई, वाजले का बारा?"

नर्सनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हो, आत्ताच वाजले."

आबा बाकावरून उठून उभे राहिले, जिन्याच्या दिशेनं हात पुढे केला आणि म्हणाले, "चल, बाळा." मी तोपर्यंत तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.