बाकावरची फुंकर

भाचीची तपासणी चालली होती, म्हणून मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. समोरच्या बंद दाराआड एक बाई बाळंत होत होती. ती कोण, हे बाकावर कुणालाच ठाऊक नव्हतं; तिची माणसं अजून वाटेत होती.

दाराआडून सिस्टरचा आवाज आला, "कळ आली की हनुवटी छातीला लाव आणि खाली जोर दे! ओरडण्यात ताकद घालवू नकोस गं!"

बघते तर काय, शेजारच्या आजोबांनी श्वास रोखून धरलेला, पलीकडच्या बाईंनी पिशवीचे बंद करकचून आवळलेले. माझीही पायाची बोटं चपलेत रुतलेली!

"डोकं दिसलं! आता जोर नको. फुंकर मार, गरम चहावर मारतेस तशी!"

जोर लावणं एक वेळ सोपं. पण दारात आलेलं सुख ओढून न घेता त्याला त्याच्या चालीनं येऊ द्यायचं, हे केवढं अवघड! अख्खा बाक फू फू करू लागला.

आणि आतून ट्यँहँ आलं!

सिस्टर दुपट्यातलं बाळ घेऊन बाहेर आली. "हिच्याबरोबर कोण आहे?"

आम्ही सगळेच उभे राहिलो.