पंख माझ्याकडे, धड दादाकडे

बाबांचं विमान माझ्या वाट्याला आलं ते अर्धंच. पंख मला आणि धड दादाला. हे सांगितलं की परकी माणसं हसतात. ज्यांनी दोन भावांची वाटणी जवळून पाहिली आहे, ते मात्र नुसती मान डोलावतात.

बाबा एका विमान कंपनीच्या तिकीट कार्यालयात शिपाई होते. दर्शनी काचेमागे हातभर लांबीचं धातूचं विमान ठेवलेलं असायचं, ते रोज पुसणं त्यांच्याकडे होतं. कार्यालय बंद झालं तेव्हा साहेबांनी ते विमान त्यांनाच देऊन टाकलं. बाबा स्वतः जन्मात विमानात बसले नाहीत. पण नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत ते टीव्हीवर विराजमान असायचं आणि त्याला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा.

बाबा गेले, नेरुळची जागा विकली आणि वाटणीला मामा बसले. मामा म्हणजे साक्षात न्यायमूर्ती, असं मामांचंच मत. पाट तीन-तीन झाले, परातीही झाल्या. आईसुद्धा वाटली गेली: सहा महिने खारघरला दादाकडे, सहा महिने कामोठ्याला माझ्याकडे. त्यावर कुणी ब्रसुद्धा काढला नाही. जुंपली ती विमानावरून. दादा म्हणाला, मी थोरला. मी म्हटलं, बाबांचं आजारपण मी काढलं. आवाज इतके चढले की शेजारी दारात येऊन उभे राहिले. शेवटी मामांनी विमान उलटं केलं, पोटातला एकुलता एक स्क्रू पाहिला आणि स्क्रूड्रायव्हर मागवला.

"घ्या! आता कुणी टेन्शन द्यायचं नाय."

खालचा स्टँड त्यांनी स्वतःच्या मोबाइलसाठी नेला.

त्यानंतर आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. आई तेवढी ठरल्या दिवशी बॅग घेऊन रिक्षाने हायवे ओलांडायची. इकडे भिशीतल्या बायकांशी सूत जुळलं की तिकडे जायची वेळ व्हायची, तिकडे कुंडीतली तुळस जीव धरू लागली की इकडे. "मी काय बाबा, पाहुणीच," असं ती हसत म्हणायची. आम्हीही हसायचो.

यंदा जवळच नवा विमानतळ सुरू झाला, आमच्या डोक्यावरून खरी विमानं जायला लागली आणि कपाटावरचे पंख मला सतावू लागले. निदान आपण कोणत्या विमानाचे वारस आहोत हे तरी कळावं, म्हणून मी टोपणनावाने पंखांचे फोटो इंटरनेटवर टाकले. जुन्या मॉडेलांच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे, तिथे. परदेशातल्या एका आजोबांनी लगेच कळवलं की चार इंजिनं आहेत म्हणजे फार जुनं प्रवासी विमान असणार, पण शेपूट पाहिल्याशिवाय ठाम सांगता येत नाही.

तोवर निदान रंग तरी नीट करू म्हणून पंख घेऊन मी कळंबोलीला ट्रक रंगवणाऱ्याकडे गेलो. त्याने चंदेरी फवारा मारला, लाल पट्टा ओढला आणि विचारलं, "शेठ, 'आईवडिलांचा आशीर्वाद' टाकू का? जागा हाय." मी नको म्हटलं.

काही दिवसांनी आजोबांचा निरोप आला. चमत्कार घडला होता. अशाच दुसऱ्या एका ग्रुपवर, माझ्याच शहरातल्या एका गृहस्थाकडे पंख नसलेलं धड निघालं होतं, तीन शेपट्यांचं! मी फोटो उघडला. धडाखाली आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता. तो वाटणीत दादाकडे गेला होता.

मी आजोबांना लिहिलं, त्या गृहस्थांना विचारा, धड देता का. सातासमुद्रापलीकडून उत्तर आलं: ते गृहस्थ म्हणतात, आधी पंख द्या. मी लिहिलं, त्यांना सांगा, थोरलेपणा आता पुरे. आजोबा गोंधळले. ते थोरले आहेत हे तुम्हांला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. दादाचं घर माझ्या घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर आहे. अखेर आजोबांनीच हात टेकले. लिहिलं की मी फार म्हातारा आहे, एकदा तेवढं जोडलेलं बघू द्या. मी लिहिलं, त्यांना म्हणावं, रविवारी धड घेऊन माझ्याकडे या.

रविवारी दादा आला. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं धड त्याने टेबलावर ठेवलं. मला एकदम रडू आल्यासारखं झालं, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो, "हा काय रंग लावलास? बाथरूमचं दार आहे का?"

"आणि तुझे पंख? हॉर्न पण बसवून घ्यायचास."

पंख खाचेत अचूक बसले. पण स्क्रू? मामांना फोन केला, त्यांच्याकडे तो नव्हता आणि ते स्टँडसुद्धा द्यायला तयार होईनात. तेवढ्यात आई आत गेली. दुसऱ्या दिवशी तिची दादाकडे जायची पाळी होती, बॅग भरून तयार होती. तिने बॅगेतली औषधांची डबी उघडून स्क्रू काढून दिला.

"त्या दिवशी खाली पडला होता," ती म्हणाली. "तेव्हापासून माझ्याबरोबरच फिरतोय."

फोटो पाठवला. आजोबांनी विमानाचं नाव कळवलं, मला ते अजून नीट म्हणता येत नाही. या रंगाचं विमान जगात कधीच उडालं नाही, पण आपण तृप्त आहोत, असंही त्यांनी लिहिलं.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे? आमचं लगेच एकमत झालं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सहा महिने तुझ्याकडे," मी म्हटलं.

"सहा महिने तुझ्याकडे," दादा म्हणाला.

आई विमानाकडे बघत होती. "त्याला तरी एका जागी राहू द्या रे," ती म्हणाली.

पाट मोजले होते, पराती मोजल्या होत्या, पण एक गोष्ट विचारायची राहूनच गेली होती. ती दादाने विचारली.

"आई, तुला कुठं राहायचंय?"

आईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "आजवर कुणाला घाई नव्हती," ती म्हणाली. "आता मी विचार करून सांगते." मग तिने बॅग पायाशी ओढून घेतली, आम्हा दोघांना चहा करायला आत पिटाळलं आणि विचार करत बसली.